कोळशाशेजारी डेटा सेंटर नको

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रापासून निघालेली ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी १९९९ पासून १५०० मेगावॉटपर्यंत वीज सुमारे ७५२ किलोमीटरवरच्या पडघ्याला, म्हणजे भिवंडी तालुक्यात, नेऊन पोचवते. पडघ्यातून ती मुंबई-ठाण्याकडे वाटली जाते. त्याच परिसरात, ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेलच्या पट्ट्यात, एकामागून एक डेटा सेंटर उभी राहिली आहेत. देशाच्या एकूण डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा भाग आज मुंबई महानगर प्रदेशात आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की विदर्भात एक युक्तिवाद सहज पटतो. धूर आणि राख चंद्रपूरला, सर्व्हर नवी मुंबईला, असे का? वीज साडेसातशे किलोमीटर ओढण्यापेक्षा माहिती ओढणे स्वस्त आहे, तर संगणकच विजेपाशी आणावेत. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीसारखी दुसरी जागा कोणती? दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे जंक्शन, सभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणी, शेजारून वाहणारी वर्धा, जवळच भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रीड जोडणारे पॉवरग्रिडचे १००० मेगावॉटचे केंद्र आणि खाणी आटोपल्यावर मोकळी पडणारी जमीन. यामागची तक्रार खरी आहे. तिच्यावर सुचवलेला उपाय मात्र चुकीचा आहे, आणि तो अमलात आला तर त्याची सर्वाधिक किंमत माजरीच मोजेल.

आधी या युक्तिवादातले बरोबर काय ते मान्य करायला हवे. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. माजरी ते मुंबई केबलचे अंतर वळणावळणांसह हजार किलोमीटर धरले, तरी जाऊन परत यायला लागतात १० मिलिसेकंद. बँकेच्या व्यवहाराची नोंद एकाच क्षणी दोन ठिकाणी करायची असेल तर हा विलंब जड जातो. म्हणूनच मोठ्या क्लाऊड कंपन्या एका विभागातल्या इमारती एकमेकींपासून शंभरेक किलोमीटरच्या आत ठेवतात. शेअर बाजाराच्या सौद्यांना तर एक मिलिसेकंदही फार. पण संगणकांचे सगळेच काम असे घाईचे नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांचे प्रशिक्षण आठवडेच्या आठवडे चालते. चलच्चित्रांचे रूपांतर, हवामानाची गणिते, जुन्या नोंदींची साठवण, रात्रीचे हिशेब या कामांना मुंबईपासूनच्या अंतराने काही फरक पडत नाही. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि ग्राहकही तिथेच दाटीने आहेत, म्हणून सगळे काही तिथेच हवे, हा नवी मुंबईचा दावा या कामांपुरता टिकत नाही. घाई नसलेले काम तिथून हलवता येते. प्रश्न आहे तो कुठे हलवायचे याचा, आणि ‘विजेपाशी’ हे उत्तर इथेच घसरते.

वीजनिर्मिती केंद्राच्या शेजारी राहिल्याने त्या केंद्राची वीज आपल्या वाट्याला येते, ही समजूत ग्रीडच्या कामकाजाला धरून नाही. महाराष्ट्रात कोणत्या संचाने कोणत्या वेळी किती वीज निर्माण करायची हे राज्य भार प्रेषण केंद्र ठरवते, आणि ते ठरवताना ज्याचा बदलता खर्च कमी त्याला आधी बोलावते. याला वीजक्षेत्रात मेरिट ऑर्डर म्हणतात. खाणीजवळच्या संचांना कोळशाचे रेल्वेभाडे कमी पडते, म्हणून ते साधारणपणे दूरच्या संचांच्या आधी चालवले जातात. आता माजरीत रात्री नऊ वाजता १०० मेगावॉटचा नवा भार जोडला असे समजा. स्वस्त संच तर आधीच चालू असतात. ही वाढ उचलतो तो यादीत खाली असलेला, अजून वाव शिल्लक असलेला संच. तो नाशिकजवळच्या एकलहऱ्याचा असू शकेल, भुसावळचा असू शकेल, छत्तीसगडचाही असू शकेल. कारण ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रीड जोडले गेल्यापासून सारा देश एकाच तालावर चालणारे एक ग्रीड झाला आहे. हाच भार महाप्याला जोडला असता तरी बहुतेक वेळा तोच संच वाढवावा लागला असता. जवळिकीने वाचते ते पारेषणातले नुकसान, आणि राज्याच्या पारेषण जाळ्यातली गळती मुळात तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. बिलातही कोळशाच्या जवळिकीचा पैसा दिसत नाही: महावितरणचा औद्योगिक दर माजरीला आणि महाप्याला एकच, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना जी वीजसवलत मिळत आली ती सरकारी तिजोरीतून आलेली आहे, खाणीतून नाही. थोडक्यात, ज्या अंतरामुळे साडेसातशे किलोमीटरच्या वाहिनीचा राग येतो, ते अंतर विजेच्या हिशेबात फार थोडे मोजले जाते.

वाचलेले ते तीन टक्केही माजरीत टिकणार नाहीत. डेटा सेंटरमध्ये शिरलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते आणि ती अहोरात्र बाहेर काढावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर नेहमीच जातो, कधी ४७-४८ पर्यंत. बाहेरची हवा जितकी तापलेली तितकी शीतयंत्रे जास्त वीज खातात. यावर असे सांगितले जाते की विदर्भाची हवा कोरडी आहे, त्यामुळे पाणी उडवून थंडावा मिळवणे इथे सोपे. ते खरेच आहे. विदर्भात घरोघरी चालणारा कूलर मुंबईच्या दमट हवेत निकामी ठरतो. पण कूलर पाणी पितो, आणि सर्वाधिक पितो तो मे महिन्यात. त्याच महिन्यात चंद्रपूरचे इरई धरण बरेचदा तळाला गेलेले असते. २०१० च्या उन्हाळ्यात इरईत पाणी उरले नाही म्हणून चंद्रपूर केंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली होती. ज्या खोऱ्यात उन्हाळ्यात वीज केंद्र, सिमेंट कारखाने, खाणी आणि माणसे एकाच पाण्याकडे डोळे लावून असतात, तिथे उन्हाळ्यातच तहान वाढणारा आणखी एक ग्राहक आणायचा, ही जागेची निवड शहाणपणाची नाही.

हवेचेही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते आणि देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत ते चौथे होते. कोळशाची बारीक धूळ आणि गंधकयुक्त वायू माणसाच्या फुप्फुसांना जसे बाधतात, तसेच सर्किटवरच्या तांबे-चांदीलाही गंजवतात. सर्व्हरसाठी हवा गाळून घेता येते, त्याचा खर्च विजेच्या बिलात जातो. माजरी, कुचना, घुग्घूसमधल्या घरांना तसे गाळण लावता येत नाही, हा भेद मला इथे महत्त्वाचा वाटतो. जमिनीबद्दलही फार सैलपणे बोलले जाते. खाण संपली की जमीन मोकळी झाली, असे नकाशावर दिसते. प्रत्यक्षात जुन्या भूमिगत खाणींच्या वरच्या जमिनीखाली पोकळ्या असतात आणि खुल्या खाणींच्या कडेला सैल मातीचे ढिगारे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेले, कारण खाली जुनी खाण होती. अशा भूमीवर जनरेटर, बॅटऱ्या आणि पाण्याच्या टाक्यांसह हजारो टनांची इमारत उभी करायची, तर आधी ती जमीन भरावी आणि बांधावी लागेल. ते काम वेकोलिने आज तिथे राहणाऱ्या लोकांसाठी करायला हवे.

मग चंद्रपूरचा या प्रश्नाशी संबंध नाही का? फार मोठा आहे, पण तो अंतराचा नाही. १०० मेगावॉटचे डेटा सेंटर पूर्ण भाराने दिवसभर चालले तर २४ लाख युनिट वापरते. भारतीय कोळशावर एका युनिटमागे ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे दिवसाला सतराशे टनांच्या घरात कोळसा, दोन-सव्वादोन दिवसांत मालगाडीची एक पूर्ण रेक. त्या कोळशात तिसऱ्या हिश्शाहून जास्त राख, म्हणजे रोज सहाशे टनांच्या आसपास. २०१५ च्या नियमांनी जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. ती पाळली तरी दिवसाला ८४ लाख लिटर. हा सगळा भार ज्या गावांवर पडतो ती गावे क्लाऊड कंपनीच्या जागानिवडीच्या गणितात कुठेच नसतात. काम कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर टाकायचे हे ठरवणाऱ्या प्रणालीत विलंब असतो, दर असतो, शिल्लक क्षमता असते, बिघाड झाला तर पर्यायी जागा असते, माहिती देशाबाहेर न नेण्याचा कायदा असतो. प्रणाली हिशेब चोख करते, पण तिला दिलेल्या रकान्यांपुरताच. राख आणि पाणी यांचे रकानेच नसतील, तर ती प्रत्येक वेळी त्यांची किंमत शून्य धरते. संगणक माजरीत नेऊन हे शून्य बदलत नाही. उलट राख शेजारीच पडत असूनही हिशेबाबाहेर राहते.

जागेचा खरा फायदा मिळवायचा असेल तर जागेबरोबर वेळ धरावी लागते. भारताच्या ग्रीडमध्ये दुपारी सौर वीज भरपूर असते. राजस्थानात तर २०२५ मध्ये पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने निर्माण होऊ शकणारी सौर वीज सोडून द्यावी लागली. त्याच वेळी कोळशाचे संच ५५ टक्क्यांच्या किमान पातळीपर्यंत खाली आणावे लागतात, कारण ते दिव्यासारखे बंद-चालू करता येत नाहीत. संध्याकाळी सूर्य मावळला की बराचसा भार पुन्हा कोळशावर येतो. म्हणजे सौर वीज वाया जात असेल तेव्हा एक वाढीव युनिट दुपारी दोन वाजता जवळजवळ राखेविना मिळते आणि रात्री नऊ वाजता सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळून. घाई नसलेले काम म्हणूनच मौल्यवान असते: ते थांबू शकते आणि हलू शकते. गूगलने २०२० मध्ये आपल्या डेटा सेंटरांतली थांबू शकणारी कामे स्वच्छ वीज जास्त असलेल्या तासांकडे सरकवायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवण्याचेही जाहीर केले. व्हिडिओंवरच्या प्रक्रियेसारखी कामे त्यात होती. हेच तत्त्व महाराष्ट्रात लावले तर प्रशिक्षणाचे आणि हिशेबांचे काम दिवसा राजस्थान-गुजरातच्या सौर पट्ट्यांजवळ, पावसाळ्यात वाऱ्याच्या विजेमागे आणि रात्री शक्य तितके कमी चालायला हवे. थांबण्याची मुभा असलेले काम अहोरात्र जळणाऱ्या भट्टीशेजारी नेऊन बांधायचे, म्हणजे त्याचा एकमेव मोठा गुण वाया घालवायचा.

यावर आक्षेप येईल की चंद्रपूरचे केंद्र तर चालूच राहणार आहे. २९२० मेगावॉटचे संच उभे आहेत, मग त्यांचा वापर स्थानिक उद्योगाने का करू नये? कारण डेटा सेंटर दहा-वीस वर्षांच्या वीजकराराने येते आणि असा करार संचाचे आयुष्य वाढवण्याचे कारण बनतो. मुंबईतच याचे उदाहरण आहे. ट्रॉम्बेचा कोळशावरचा ५०० मेगावॉटचा संच बंद करण्याची चर्चा झाली, आणि शहराची वाढती मागणी हेच तो चालू ठेवण्याचे कारण ठरले. कोळसा केंद्रांवरच्या नियमांचेही तसेच: गंधक वायूची मर्यादा २०१५ मध्ये ठरली, २०१७ पर्यंत पाळायची होती. मुदती पुढे सरकत गेल्या आणि २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या बहुसंख्य कोळसा केंद्रांना गंधक गाळणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. अशा परिस्थितीत ‘वीज हवीच आहे’ म्हणणारा आणखी एक बलवान ग्राहक चंद्रपूरच्या दारात उभा केला, तर जुना संच बंद करा किंवा गाळणी बसवा असे म्हणणाऱ्या गावकऱ्याचा आवाज आणखी क्षीण होईल. त्या ग्राहकाचे हित धुराड्याशी बांधलेले असेल.

रोजगाराचा मुद्दा सगळ्यांत हळवा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. खाणी मावळतील तेव्हा माजरीच्या तरुणांनी काय करायचे? १९७० च्या दशकात वेकोलि आली तेव्हा एका भूमिगत खाणीत शेकडो हात लागत. त्या मानाने डेटा सेंटर ही माणसांना लागणारी जागा नाही: बांधकाम संपले की मोठ्या इमारतीतही कायमची माणसे मोजकी, त्यांतली बरीचशी सुरक्षा आणि देखभालीची कंत्राटी. जमीन मात्र लागते भरपूर. जमिनीच्या बाबतीत भद्रावती तालुक्याने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी इथली शेती संपादित झाली, प्रकल्प उभा राहिलाच नाही आणि जमीन वर्षानुवर्षे तशीच पडली. तेव्हाही सांगितलेले कारण होते: कोळसा इथे आहे, म्हणून उद्योग इथे. तेच कारण नव्या यंत्रांच्या नावाने पुन्हा पुढे आले, तर ते तपासून घेण्याचा हक्क या तालुक्याला इतर कोणाहूनही अधिक आहे.

आणखी एक बाजू मांडली जाते: सर्व्हर जवळ आले तर गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातल्या लोकांना सेवा जलद मिळेल. पण गडचिरोलीतल्या भामरागडच्या आरोग्य केंद्रातले संगणक अडतात ते मुंबई दहा मिलिसेकंद दूर आहे म्हणून नव्हे. ते अडतात टॉवरची वीज गेली म्हणून, केबल तुटली म्हणून, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ताच बंद झाला आणि दुरुस्तीला माणूस पोचला नाही म्हणून. तिथे हवे ते म्हणजे तुटला तर दुसरा मार्ग असलेले तंतूजाळे, टॉवरवर सौर पॅनेल आणि बॅटरी, आणि जोडणी नसतानाही नोंदी ठेवून नंतर पाठवणारी साधी यंत्रणा. त्यासाठी माजरीत शंभर मेगावॉट लागत नाहीत. भामरागड आणि एटापल्लीत काही किलोवॉट पुरतात.

मी नवी मुंबईची वकिली करत आहे असेही कोणी म्हणेल. तसे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघ्याच्या वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई अंधारात गेली, तेव्हा एकाच कोपऱ्यात सगळे दाटण्याचा धोका दिसला. आयर्लंडमध्ये डेटा सेंटर डब्लिनभोवती एकवटत गेली आणि २०२३ मध्ये देशाच्या मोजलेल्या वीजवापरातला २१ टक्के भाग त्यांच्याकडे गेला. तिथल्या ग्रीडला डब्लिनमध्ये नव्या जोडण्या जवळजवळ थांबवाव्या लागल्या. दुसऱ्या प्रतींसाठी, आपत्तीत तारणाऱ्या साठवणीसाठी, समुद्रापासून दूरचे ठिकाण लागते आणि त्याकरता नागपूरचा विचार योग्य आहे. तिथे शहर आहे, अनेक दिशांचे तंतूजाळे आहे, विमानतळ आहे, आणि या कामाला वीजही बेताची लागते. पण दुसरी प्रत ठेवणे वेगळे आणि दिवसरात्र कोळसा खाणारे प्रशिक्षण केंद्र खाणीवर आणणे वेगळे. विदर्भाच्या नावाखाली ही दोन कामे एकत्र बांधू नयेत.

चंद्रपूरला न्याय द्यायचा तर तो वापराच्या ठिकाणीच द्यावा लागेल. आज नवी मुंबईतले डेटा सेंटर वर्षभराच्या बेरजेवर स्वतःला हरित म्हणवू शकते: दिवसा राजस्थानात तयार झालेल्या सौर विजेची प्रमाणपत्रे घ्यायची, रात्री ग्रीडमधून कोळशाची वीज ओढायची आणि वर्षअखेरीस दोन्ही जुळवून दाखवायचे. हा जुळवलेला हिशेब तासागणिक मागितला तर चित्र लगेच बदलते. राज्य सरकार डेटा सेंटरना वीज शुल्कात सवलत देते. ती सवलत तासाला बांधावी. ज्या तासात केंद्राने आपल्या नावाची स्वच्छ वीज प्रत्यक्ष त्याच वेळी घेतली किंवा ग्रीड अडचणीत असताना आपले थांबू शकणारे काम खरोखर थांबवले, त्या तासापुरतीच सवलत मिळावी. उरलेल्या तासांचे पूर्ण शुल्क वसूल व्हावे आणि त्यातला ठरलेला हिस्सा कोळसा जिथे खणला आणि जाळला त्या जिल्ह्यात जावा. खाणींसाठी असा मार्ग २०१५ पासून आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणमालकाचा पैसा जमा होतो. विजेच्या ग्राहकासाठी तो नाही, आणि संध्याकाळची वीज सर्वांत जास्त ओढणाऱ्यांकडून तो सुरू करण्यात तांत्रिक अडचण कसलीच नाही, कारण या ग्राहकांचे मीटर पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद आजही ठेवतात. त्या पैशातून घुग्घूसच्या पोकळ जमिनी भरता येतील, इरईवरचा भार कमी करणारी सांडपाणी प्रक्रिया उभी करता येईल, माजरी-कुचन्याच्या हवेची मोजणी गावोगावी करता येईल. वीज नियामक आयोगासमोर दरनिश्चितीच्या सुनावण्या होतात, त्यात कोणीही लेखी हरकत नोंदवू शकतो. चंद्रपूरच्या लोकप्रतिनिधींनी आणि ग्राहक संघटनांनी पुढच्या सुनावणीत ही मागणी लेखी मांडावी, आणि डेटा सेंटरसाठी माजरीची जमीन मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला पहिला प्रश्न विचारावा: रात्री नऊ ते पहाटे पाच तुमची वीज कुठून येणार आहे?